आवाजाची पाठचिकित्सा

मराठीत ध्वनिमुद्रणाविषयी जे लेखन वाचायला मिळते ते बहुधा गायकाविषयी असते, गाण्याविषयी असते, फार तर जुन्या तबकड्या जमवणाऱ्या संग्राहकांविषयी असते. आवाज ज्या यंत्रव्यवस्थेतून जातो तिच्याविषयी लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. तो विषय 'तांत्रिक' आणि जे तांत्रिक ते वाङ्मयबाह्य, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. या समजुतीची किंमत आता पुष्कळ माणसे आपापल्या घरात बसून मोजत आहेत.

कारण ध्वनिमुद्रण आता घरात आले आहे. कथांचे अभिवाचन करणारे, घरच्या शिष्यांसाठी पलटे मुद्रित करणारे गानशिक्षक, गावाकडच्या आजीच्या ओव्या टिपून आणणारे लोकसाहित्याचे विद्यार्थी अशा अनेकांच्या टेबलावर संगणकाशेजारी एक छोटी पेटी दिसते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका बाजूने तिच्यात मायक्रोफोनची वायर जाते, दुसऱ्या बाजूने यूएसबीची वायर संगणकात जाते. पेटी चांगली असते, मायक्रोफोन चांगला असतो, गळा तर असतोच. तरीही संध्याकाळ वाया जाते. आवाज तडतडतो, उशिरा ऐकू येतो किंवा मुळीच येत नाही. शोध घेतल्यावर बोट बहुतेक वेळा एकाच अदृश्य वस्तूकडे दाखवले जाते : ड्रायव्हर.

प्रस्तुत लेखात दोन मुद्दे मांडायचे आहेत. पहिला असा, की ड्रायव्हरमधला दोष शोधणे हे मुळात वाचनाचे काम आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. दुसरा असा, की ड्रायव्हर हे दुसऱ्याने दिलेले आणि दुसऱ्याच्या मर्जीने मोडणारे वचन आहे. मराठी आवाजांच्या जतनाचा डोलारा त्यावर उभा करणे धोक्याचे आहे.

* * *

ड्रायव्हर हा शब्द ऐकून गाडी चालवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात त्याचे काम दुभाष्याचे आहे. पेटीची भाषा एक, संगणकाच्या कार्यप्रणालीची भाषा दुसरी. या दोहोंच्या मध्ये बसून दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांचा अनुवाद, तोही दोन्ही दिशांनी आणि न थांबता, करत राहणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. या दुभाष्याला विचार करायला उसंत नाही. एक वाक्य चुकले की श्रोत्याला ते तडतडीच्या रूपाने लगेच ऐकू येते.

घरगुती संगणक मुळात या कामासाठी घडवलेला नव्हता. विंडोज एक्सपीच्या काळात सर्व आवाज कार्यप्रणालीच्या एका सामायिक मिश्रकातून जात आणि तेवढ्यानेच सुमारे ३० मिलिसेकंदांचा विलंब होई. घंटी वाजवायला किंवा चित्रपट पाहायला त्याने काही बिघडत नव्हते. गाणाऱ्याचे मात्र बिघडत होते. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग या संस्थेने १९९७ मध्ये 'एझिओ' नावाची पद्धत आणली ती याच अडचणीवर. तिने मिश्रकाला वळसा घालून मुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि पेटी यांना थेट समोरासमोर बसवले. मॅकवर कोअर ऑडिओ आणि लिनक्सवर आल्सा व जॅक यांनी हा प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला. विंडोजने व्हिस्टाबरोबर, २००७ मध्ये, वासापी ही स्वतःची नवी पद्धत दिली. एवढा इतिहास माहीत असला की सॉफ्टवेअरच्या यादीत एकाच पेटीची चार नावे का दिसतात याचा उलगडा होतो. चार नावे म्हणजे चार दुभाषे. कोणाला बोलवायचे हे आपण ठरवायचे असते; न ठरवल्यास यंत्र ठरवते आणि त्याची निवड गायकाच्या सोयीची असेलच असे नाही.

विलंबाचा प्रश्न 'बफर' या एका शब्दात सामावलेला आहे. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून आपण गच्चीवर टाकी बांधतो. टाकी मोठी असेल तर नळ मधेच गेला तरी घरातले पाणी तुटत नाही. लहान असेल तर पाणी ताजे मिळते, पण पुरवठा जरा अडखळला की टाकी कोरडी पडते. बफर ही अशीच टाकी आहे. ४४,१०० च्या गतीला ६४ नमुन्यांची टाकी भरायला दीड मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो, २५६ नमुन्यांची भरायला सुमारे ५.८ आणि १,०२४ नमुन्यांची भरायला सुमारे २३ मिलिसेकंद. आवाजाला आत येताना आणि बाहेर जाताना अशी दोनदा वाट पाहावी लागते. शिवाय रूपांतराचा वेळ वेगळा.

हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यांना अंतराची परिमाणे लावून पाहावीत. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साधारण साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीइतका. तो गायकाला सहज चालतो. ५० मिलिसेकंद झाले तर तबलजी सतरा मीटर लांब, सभागृहाच्या मागच्या रांगेत जाऊन बसला असे समजावे. स्वतःचाच आवाज २०० मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा कानावर पडू लागला, तर चांगला बोलणारा माणूसही अडखळतो, शब्द लांबवतो, तोतरा होतो. घरी मुद्रण करताना 'आज आवाज लागत नाही' म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांपैकी काहींचा आवाज लागलेला असतो. टाकी मोठी असते एवढेच. म्हणून मुद्रण करताना टाकी लहान ठेवावी आणि नंतरच्या संस्कारांसाठी मोठी करावी. पेटीवर 'डायरेक्ट मॉनिटर'ची कळ असेल तर ती चालू करावी. मग गायकाचा आवाज संगणकाला वळसा न घालता पेटीतूनच त्याच्या कानावर येतो आणि विलंबाचा प्रश्नच उरत नाही.

* * *

आता दोष शोधण्याच्या रीतीकडे वळतो. घरोघरी चालणारी रीत साधारण अशी असते : संगणक बंद करून चालू करणे, सगळे काढून पुन्हा टाकणे, कोणी सांगितले म्हणून दहा खटके एकदम बदलणे आणि त्यातून काही चालू झाले की 'आता हात लावू नका' असे घरातल्यांना बजावणे. यातून काम होतही असेल, ज्ञान मात्र होत नाही. कशामुळे चालले हे न कळल्याने पुढच्या वेळी कशामुळे बंद पडले हेही कळत नाही. हे उपाय नव्हेत, तोडगे आहेत.

मराठीच्या अभ्यासकाला याहून बरी रीत ठाऊक आहे. तिला आपण पाठचिकित्सा म्हणतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून आपल्याकडे या कामाची परंपरा आहे. पोथी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, दर नकलेत काही बिघडते. चिकित्सकाचे काम असे की समोरचा अपपाठ कोणत्या टप्प्यावर शिरला हे शोधायचे. ध्वनीचीही अशीच हस्तांतरे होतात. गळ्यातून मायक्रोफोनकडे, मायक्रोफोनमधून वायरीत, वायरीतून पेटीतल्या प्रवर्धकाकडे, तेथून अंकांत, अंक यूएसबीतून ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून कार्यप्रणालीकडे आणि शेवटी मुद्रणाच्या सॉफ्टवेअरकडे. आठ नकलाकार झाले. तडतड ऐकू येताच शेवटून तिसऱ्या नकलाकाराला फाशी देण्याआधी थोडे वाचन करायला हवे.

पहिला प्रश्न असा : दोष मूळ प्रतीत आहे की वाचनात? मुद्रित केलेला तुकडा तीनदा ऐकावा. तडतड दरवेळी त्याच अक्षरावर येत असेल तर ती मुद्रणात कोरली गेली आहे. जागा बदलत असेल तर मुद्रण निर्दोष आहे, वाजवताना टाकी कोरडी पडते आहे. या एका चाचणीने अर्धे गणित सुटते, आणि तिला पैशाचाही खर्च नाही.

दुसरा प्रश्न समान अपपाठाचा. दोन प्रतींत एकच चूक असेल तर ती दोघींच्या सामायिक पूर्वज प्रतीत असावी, असे पाठचिकित्सक मानतो. दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच दोष ऐकू आला तर तो सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यांच्या खाली आहे. ड्रायव्हरमध्ये, वायरीत किंवा पेटीत. तीच पेटी दुसऱ्या संगणकाला लावून दोष गेला, तर पेटी आणि वायर दोन्ही सुटल्या.

तिसरा प्रश्न दोषाच्या जातीचा. प्रत्येक नकलाकाराच्या चुकीची एक लकब असते. मुद्रण वाजवताना आवाज सगळाच चढा आणि घाईचा येत असेल तर बहुधा नमुन्यांच्या गतीचा घोळ आहे. ४४,१०० ला टिपलेला आवाज ४८,००० समजून वाचला की लय जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढते आणि स्वर सुमारे दीड श्रुतिपट्टीने, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीने, चढतो. काळी एकचा षड्ज पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या वाटेवर जाऊन उभा राहतो. येथे ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर यांना एकाच आकड्यावर आणायचे असते, नवी पेटी घ्यायची नसते. अखंड, खालच्या पट्टीतला घूं असा नाद येत असेल तर ड्रायव्हर निर्दोष आहे. आपल्या विजेची आवर्तता ५० हर्ट्झ आहे आणि तीच अर्थिंगच्या दोषातून आवाजात उतरते. लॅपटॉपची चार्जरची पिन काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. नाद गेला तर सॉकेटकडे पाहायचे. आवाजाची रेघ पूर्ण सपाट, जराही खसखस नाही, तर अनेकदा परवानगीचा प्रश्न असतो. मॅकओएसच्या मोहावे या २०१८ च्या आवृत्तीपासून मायक्रोफोन वापरायला प्रत्येक सॉफ्टवेअरला मालकाची परवानगी लागते. विंडोजच्या गोपनीयतेच्या पानावरही असे खटके आहेत. परवानगी नसली की सॉफ्टवेअरच्या हाती निव्वळ शांतता येते. यंत्र भांडत नाही, गप्प बसते. ते गप्प बसणेही वाचता यायला हवे.

मधूनमधून, अनियमित अंतराने येणारी तडतड ही सर्वांत फसवी. येथे आवाजाचा दुभाषा अनेकदा निरपराध असतो. संगणकात इतरही दुभाषे असतात : वाय-फायचा, चित्रपटलाचा, बॅटरीचा. त्यांपैकी एखादा प्रोसेसरला थोडा जास्त वेळ अडवून धरतो आणि तेवढ्यात आवाजाची टाकी रिकामी होते. वाय-फाय बंद करून, वीज वाचवण्याची योजना बदलून, यूएसबीला झोपवणारा खटका काढून पाहावा. विंडोजवर 'लेटन्सीमॉन' हे साधन कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो हे दाखवते. मात्र हे सारे एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदल वहीत लिहून. ही वही म्हणजे पाठभेदांची तळटीप. ती नसेल तर केलेल्या कामाचा पुरावा उरत नाही.

'एझिओफॉरऑल'विषयीही एक शब्द सांगायला हवा. हे नाव प्रत्येक सल्ल्यात असते. ज्या पेटीला स्वतःचा एझिओ ड्रायव्हर नाही तिच्यासाठी ते उपकारकच आहे. पण तो नवा दुभाषा नव्हे. विंडोजच्या मूळ दुभाष्याला एझिओचा वेश चढवणारी ती एक झूल आहे. उत्पादकाचा स्वतःचा ड्रायव्हर असताना ती वर घातल्याने एक नकलाकार वाढतो आणि चिकित्सा अवघड होते.

* * *

येथे एक आक्षेप येईल. मोबाइलवर आता इतके चांगले मुद्रण होते की हा खटाटोप कशाला? आक्षेप वाजवी आहे, आणि शेतात, देवळात, प्रवासात हाती मोबाइल असेल तर त्यावरच टिपावे. न टिपण्यापेक्षा ते शतपटीने बरे. परंतु मोबाइलमध्ये ड्रायव्हर नसतो असे नाही, तो आपल्याला दाखवला जात नाही. शिवाय अनेक उपकरणे आवाज टिपतानाच त्याचे 'शुद्धीकरण' करतात. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन गाणे शिकवणाऱ्यांना याचा प्रत्यय आला. भाषणासाठी घडवलेले सॉफ्टवेअर तानपुऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून कापून टाकी. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड'चा पर्याय निवडावा लागे. जात्यावरच्या ओवीत जात्याची घरघर ही गोंगाट आहे की पाठ? लोकसाहित्याचा अभ्यासक म्हणेल पाठ, कारण ओवीची लय त्या घरघरीवर बेतलेली आहे. यंत्र म्हणेल गोंगाट. हा निर्णय संपादकाचा आहे, तो यंत्रावर सोपवायचा नसेल तर यंत्राचे खटके कोठे आहेत हे ठाऊक हवे.

* * *

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. चिकित्सा कितीही केली तरी एका दोषावर इलाज नसतो : दुभाष्याने काम सोडणे. पेटी धडधाकट असते, दिवे लागतात, पण नव्या कार्यप्रणालीसाठी उत्पादकाने ड्रायव्हर लिहिलेला नसतो. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, आणि व्हिस्टापासून तेथे स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरला गाभ्यात प्रवेशही नाही. २००० च्या दशकात मुद्रणाच्या कित्येक चांगल्या पेट्या फायरवायर या जोडणीवर चालत. संगणकांवरून ती खोबणी हळूहळू गेली आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोने तिचा आधारच काढून टाकला. यंत्र मोडले नाही, ते मुके केले गेले.

फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचा आवाज टिपला. त्या काळची तबकडी वाजवायला आजही एक सुई आणि फिरते चक्र पुरते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कोणाची स्वाक्षरी लागत नाही. याउलट वीस वर्षांपूर्वी घेतलेली पेटी आज अडगळीत आहे. अर्थात तुलना नेमकी करायला हवी. पेटी मेली तरी तिच्यातून टिपलेली वेव्ह फाइल मरत नाही, कारण त्या फाइलची रचना सर्वांना ठाऊक आहे. मरते ते मुद्रणाचे दार, आणि ज्यांनी आवाज फक्त एखाद्या सॉफ्टवेअरच्या 'प्रोजेक्ट'मध्ये ठेवला त्यांचे काम. ज्या गोष्टीची व्याख्या खुली ती टिकते, जिची बंद ती मालकाच्या मर्जीपुरती जगते, हाच यातला धडा.

मराठी लेखकांना हा धडा नवा असायला नको. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची कित्येक वर्षे आपण मराठी मजकूर खासगी सांकेतनांच्या फॉन्टमध्ये टंकित केला. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण आपल्या छापखान्यांना आणि कार्यालयांना ती स्वीकारायला पुढे कितीतरी वर्षे लागली. तोवरची पुस्तके, प्रबंध, अंक अशा फाइलींत अडकले की तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांचा निरर्थक चिखल दिसतो. अक्षरांच्या बाबतीत ही किंमत मोजून झाली आहे. आवाजाच्या बाबतीत ती पुन्हा मोजायची काय?

टाळण्याचा मार्ग आहे. यूएसबीच्या जगात 'क्लास कम्प्लायंट' नावाची एक तरतूद आहे. पेटीने कोणती भाषा बोलावी याचा खुला मसुदा ठरलेला आहे. तो पाळणाऱ्या पेटीला उत्पादकाच्या दुभाष्यावाचून मॅक आणि लिनक्स ओळखतात. विंडोजने त्या मसुद्याच्या दुसऱ्या आवृत्तीला २०१७ मध्ये अंगभूत आधार दिला. एझिओची आज्ञावलीही स्टाइनबर्गने २०२५ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिली. ही वाट बरी आहे आणि ती ग्राहकांच्या आग्रहाने रुंदावते. म्हणून घरासाठी असो वा महाविद्यालयासाठी, पेटी घेताना रंग, दिवे आणि सवलत पाहण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : ही ड्रायव्हरवाचून चालते का?

मराठी विभागांनी हा प्रश्न विचारणे विशेष अगत्याचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतील कित्येकांचे ध्वनिमुद्रणही झाले. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'मुळे २०१७ पासून त्या कोणालाही ऐकता येऊ लागल्या. ज्या बायकांनी त्या गायल्या त्यांतल्या अनेकींचा आवाज एवढाच ठेवा मागे आहे. अशी कामे आता विद्यार्थी घरच्या संगणकावर करू शकतात. परंतु आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात संकलनपद्धती शिकवताना प्रश्नावली कशी करावी हे सांगितले जाते, बफर कोणता ठेवावा, फाइल कोणत्या स्वरूपात साठवावी, मूळ मुद्रणाच्या दोन प्रती कोठे ठेवाव्यात हे क्वचितच सांगितले जाते. एका तासिकेचे हे काम आहे. ती तासिका संगणक विभागाकडे सोपवू नये, कारण जात्याची घरघर ठेवायची की नाही हे त्यांना ठरवता येणार नाही.

आणि हे मराठीत सांगायला हवे. दोषसंदेश इंग्रजीत, उपाय इंग्रजीत, म्हणून दोष आपल्या इंग्रजीत आहे असे समजून पुष्कळ जण मुद्रणच सोडून देतात. विलंब, टाकी, दुभाषा, नकलाकार, अपपाठ हे शब्द आपल्याकडे आहेत आणि ते या कामाला पुरे पडतात. ऐंशीच्या घरातली एखादी बाई पुन्हा गायला बसेलच असे सांगता येत नाही. ती बसेल त्या दिवशी पेटी, वायर आणि ड्रायव्हर आधीच तपासलेले असावेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.